डिझेल फिल्टरचा ब्रॅकेट घरी करावा का?

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल गाडीचा फिल्टर धरणारा ब्रॅकेट तुटला. मूळ भाग मिळत नाही. भाच्याने थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचा करून दिलाय. टिकेल का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : भाच्याचं कौतुक करा, पण ब्रॅकेट गाडीला लावू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशीपार असतो. त्यात घाट चढून आलेली गाडी बंद केली की वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता उलट वाढते. एबीएस हे थ्रीडी प्रिंटरचं दुसरं प्लास्टिक साधारण १०० अंशांपर्यंत तग धरतं, पण बोल्टच्या दाबाखाली तेही हळूहळू दबतं, मग बोल्ट सैल. इथे लोंबकळणार आहे डिझेलची नळी, आणि ती तापलेल्या एक्झॉस्टवर गळली तर आग. नंबरप्लेटचा प्रश्न असता तर मी एवढा बोललो नसतो.

अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उष्णता सोसेल, पण डिझेल इंजिनच्या थरथरीने वाकवलेल्या कोपऱ्यात चीर जाते. टर्बोजवळ तर नकोच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी माइल्ड स्टीलचा करून घ्या. कोपरा काटकोनात ठोकू नका, गोलाई ठेवा. भोकं ड्रिलनेच पाडा. गॅल्व्हनाइज्ड पट्टीला वेल्डिंग नको, जस्ताचा धूर वाईट. जुना रबर बुश शाबूत असेल तर तोच बसवा. निम्मी थरथर तोच खातो.