जुहूहून उडाल्यावर पाचशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर मागे वळावं का?

तू विचारलंस, मुंबईतल्या जुहू विमानतळाच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून सेसना १७२ (एका इंजिनाचं छोटं विमान) समुद्राकडे उडाली आणि पाचशे फुटांवर इंजिन थांबलं, तर वळून परत धावपट्टी गाठता येईल का? नाही. वयाने मोठा आहे म्हणून हक्काने सांगतो, हा विचार जमिनीवर असतानाच डोक्यातून काढ.

नुसतं १८० अंश वळून धावपट्टी समोर येत नाही. वळताना विमान बाजूला सरकलेलं असतं, म्हणून दोनशेहून जास्त अंश वळून पुन्हा उलट बाजूला सरळ करावं लागतं. घाईत ४५ अंशांचा बँक दिलास, म्हणजे विमान तेवढं एका बाजूला कलवलंस, तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो, १९ टक्क्यांनी वाढतो. त्यात खाली इमारती जवळ येताना दिसल्या की हात आपसूक योक (विमानाचं हँडल) मागे ओढतो. तिथे स्टॉल झाला तर सावरायला उंचीच नसते.

म्हणून आधी नाक खाली, लगेच. चढताना नाक वर असतं, त्यामुळे वेग भराभर गळतो. १७२ ला मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८ नॉट धर आणि समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जे मिळेल तिथे उतर. जुहूला समोर पाणीच आहे. टेकण्याआधी दारं किलकिली कर, लाटांच्या रांगांना समांतर उतर. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगव, आत फुगवलंस तर दारात अडकशील. ओली वाळू चाकांना चालते, पण चौपाटीवर माणसं असतील तर पाणीच पत्करायचं. यात मला दुसरा पर्याय मान्य नाही.

उंची असेल तर वेळ मिळतो: वारा नसताना हजार फुटांमागे विमान इंजिनाशिवाय साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. आधी शेत निवड, मग फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायची कळ), मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगीची यंत्रणा) बघ, मेडे (रेडिओवरची मदतीची हाक) त्यानंतर. शेतात तारा दिसत नाहीत, खांब शोध.

धुळ्याला शिकत असताना ऑगस्टमधल्या एका ढगाळ सकाळी सेसना १५२ चे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरू लागले. कार्बोरेटर हीट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी कळ, ओढली तर इंजिन आणखीच खडखडलं. घाबरून मी ती परत आत ढकलणार, तेवढ्यात शेजारच्या इन्स्ट्रक्टरनी माझं मनगट धरलं. कार्बोरेटरमध्ये साठून आता वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनातून जात होतं. ते संपलं आणि आरपीएम परत आले.