एआय: तेच प्रश्न, पुन्हा एकदा

एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, याबद्दलचे वाचकांचे साठलेले प्रश्न एकदाचे उत्तरायला घेतले. निम्मे तर एकच आहेत, फक्त विचारणारे वेगळे.

प्रश्न: सर, एआय 2022 मध्ये आलं ना? मग सत्तर वर्षांचा इतिहास कुठून काढता?

2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं हो, एआय नाही. हे नाव जॉन मॅकार्थी आणि मंडळींनी 1955 मध्ये एका प्रस्तावात वापरलं आणि 1956 च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात त्यावर बैठक भरवली. यंत्राला विचार करता येईल का, हे ॲलन ट्युरिंगने तर 1950 मध्येच विचारून ठेवलं होतं. मला स्वतःला 1958 चा फ्रँक रोझेनब्लॅटचा पर्सेप्ट्रॉन, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम, फार आवडतो. खोलीभर कॉम्प्युटर, त्यात एकेक पंचकार्ड सरकवायचं, कुणावर खूण डावीकडे कुणावर उजवीकडे, आणि पन्नास फेऱ्यांनंतर ते धूड डावं-उजवं आपलं आपण ओळखायला लागलं. एवढंच! पण डावं म्हणजे काय हा नियम त्याला कुणी लिहून दिला नव्हता, चुकत चुकत आतले आकडे बदलत गेले आणि जमलं. आजची मोठमोठी मॉडेल्स हेच करतात, फक्त आकडे अब्जावधी झालेत.

प्रश्न: एआय म्हणजे रोबोट का?

नाही. रोबोट म्हणजे शरीर, एआय म्हणजे सॉफ्टवेअर, दोन्ही एकमेकांशिवाय असू शकतात.

प्रश्न: मग मधली इतकी वर्षं हे लोक काय करत होते?

मोठमोठ्या बाता मारत होते, आणि बाता खऱ्या झाल्या नाहीत की पैसा आटायचा. ब्रिटनमध्ये एआय संशोधनावर टीका करणाऱ्या 1973 च्या लाइटहिल अहवालानंतर तेच झालं. मग ऐंशीच्या दशकात एक्स्पर्ट सिस्टिम आल्या, म्हणजे तज्ज्ञाला समोर बसवून त्याच्या डोक्यातले नियम 'असं असेल तर तसं कर' असे हजारोंनी लिहून काढायचे, पण जग काही नियमात मावत नाही, एक नियम दुरुस्त केला की दुसरीकडे चार बिघडायचे, तीही हवा गेली. 1997 मध्ये डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्हला हरवलं, त्यात मुख्य काम प्रचंड वेगाने चाली तपासण्याचं होतं, ते यंत्र शिकलं वगैरे नव्हतं. खरा पालट 2012 चा. फोटो ओळखायच्या स्पर्धेत ॲलेक्सनेट नावाच्या, उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅमच्या चुका 15.3 टक्के, दुसऱ्या नंबरच्या 26.2. कल्पना जुनीच होती, पण आता इंटरनेटवरचे लाखो फोटो होते आणि गेमसाठी बनलेले ग्राफिक्स कार्ड गणितं करायला हाताशी होते. 2017 मध्ये ट्रान्सफॉर्मर (विजेचा नव्हे, मॉडेल बांधायची एक नवी रचना) आला, त्यावर आजचे बहुतेक सगळे चॅटबॉट उभे आहेत.

प्रश्न: वडिलांच्या छातीत जेवणानंतर जळजळ होते. चॅटबॉट ॲसिडिटी म्हणतोय. तीन आठवडे झाले, आता जिना चढतानाही होतं. दुसरा कुठला चॅटबॉट विचारून बघू?

कुठलाच नाही. आत्ता हे वाचणं थांबवा आणि वडिलांना डॉक्टरकडे न्या, आजच. मी कॉम्प्युटरवाला माणूस, पण चढताना छातीत काही होणं अंगावर काढायचं नसतं एवढं मलाही कळतं. तीन आठवडे!

बाकीच्यांनी आता नीट ऐका, कारण असली पत्रं मला सारखी येतात. 'आभाळ भरून' एवढं म्हटलं की तुमच्या तोंडात पुढे 'आलं' येतं की नाही? खिडकीबाहेर बघून नाही, हजारदा ऐकलंय म्हणून. चॅटबॉट अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द काय शोभेल हे ठरवतो, मग त्याच्या पुढचा, असं करत करत उत्तर तयार होतं. तुम्ही 'जेवणानंतर' आणि 'जळजळ' लिहिलंत, त्या शब्दांच्या शेजारी ॲसिडिटी येते, त्याने ती दिली. वडिलांची नाडी त्याने बघितली नाही, चेहरा बघितला नाही, तुम्ही जे टाइप केलं नाही ते त्याच्यासाठी जगात नाहीच. आणि खरं असो खोटं असो, भाषा तेवढीच ठाम. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल कोर्टात सादर केले, ते खटले कधी झालेच नव्हते. खटले खरे आहेत ना, असं त्यांनी त्यालाच विचारलं होतं आणि ते हो म्हणालं होतं! 5000 डॉलर दंड बसला. साक्षीदारालाच विचारायचं की बाबा तू खोटं बोलतोयस का, याला काय अर्थ आहे? रिपोर्टमधल्या अवघड शब्दाचा अर्थ विचारा, डॉक्टरांना काय काय विचारायचं त्याची यादी करून घ्या, माझी काही हरकत नाही. पण निदान, औषध, डोस, कोर्टकचेरी, पैशाची गुंतवणूक, इथे त्या विषयातला माणूसच गाठा.

प्रश्न: त्याला आपल्याबद्दल खरंच माया वाटते का? माझ्याशी फार छान बोलतं.

1966 मध्ये जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम दाखवला, तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तरी लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागले आणि वायझेनबॉम स्वतःच हादरला. छान बोलणं म्हणजे माया असं धरू नका. एकटं वाटत असेल तर घरातल्या कुणाशी बोला, नाहीतर समुपदेशकाशी, लाजायचं काय त्यात.

प्रश्न: एआय वॉशिंग मशीन घ्यावं का?

विक्रेत्याला विचारा, यातलं एआय नक्की काय करतं. कपड्यांचं वजन बघून पाणी ठरवतं असं म्हणाला तर ते साधा सेन्सरही करतो, स्टिकरचे पैसे देऊ नका.

प्रश्न: तीन दिवसांत एआय एक्स्पर्ट, सर्टिफिकेटसकट. आज रात्री ऑफर संपतेय, भरू का?

ऑफर उद्याही असते, बघा हवं तर. तीन दिवसांत चॅटबॉटला प्रश्न नीट विचारायला शिकाल, त्याला एक्स्पर्ट म्हणत नाहीत. खरंच यात उतरायचं असेल तर संभाव्यता, मॅट्रिक्स हे गणित आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, याला महिने लागतात. आणि पैसे भरण्याआधी या क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एकाला तरी तो अभ्यासक्रम दाखवा, कोर्स विकणाऱ्याला नाही.