भागीदार पुण्यात असेल तर फेडरल कोर्टाचा हट्ट धरू नका

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. डेलावेअरमध्ये नोंदलेली एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), ऑफिस न्यू जर्सीतल्या एडिसनला, टेक्सासच्या एका कॉर्पोरेशनकडे पुरवलेल्या मालाचे १ लाख ४० हजार डॉलर अडकलेले. वकील म्हणतायत की दोन्ही कंपन्या वेगवेगळ्या राज्यांच्या आहेत, रक्कमही ७५ हजारांच्या वर आहे, तेव्हा डायव्हर्सिटीवर, म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या किंवा परदेशाच्या नागरिक असल्याच्या आधारावर, फेडरल (केंद्रीय) कोर्टात जाऊ. आणि पोस्टच्या अगदी शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की पाच टक्क्यांचा तिसरा भागीदार अमेरिकन पासपोर्ट घेतल्यावर पुण्याला कायमचा परत गेलाय. माझ्या मते तुमची केस त्या शेवटच्या वाक्यावरच अडणार आहे.

मी वकील नाही, आणि प्रत्येक केस वेगळी असते. पण यातून मी गेलेय.

कॉर्पोरेशनचं सोपं असतं. जिथे नोंदणी झाली ते राज्य आणि जिथून वरिष्ठ अधिकारी कारभार चालवतात ते राज्य, अशी ती दोन्हीकडची नागरिक धरतात. यातला दुसरा भाग सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये हर्ट्झच्या खटल्यात पक्का केला. एलएलसीला मात्र हे लागूच नाही. तुमचं डेलावेअर आणि तुमचं एडिसन, दोन्ही इथे बिनकामाचं. जेवढे सभासद (म्हणजे भागीदार), तेवढ्या सगळ्यांचं नागरिकत्व हेच एलएलसीचं नागरिकत्व. सभासद म्हणून दुसरी एलएलसी असेल तर तिचेही सभासद शोधायचे. टक्केवारी कोणी विचारत नाही.

आता पुण्याचा भागीदार. जो अमेरिकन नागरिक परदेशात स्थायिक झालाय तो या कायद्यापुरता कुठल्याच राज्याचा नागरिक नसतो, आणि परकीय नागरिकही नसतो. त्याच्याकडे ओसीआय कार्ड असेल, पण ते भारताचं नागरिकत्व नव्हे. भारतीय पासपोर्टवर असता तर केस कदाचित टिकलीही असती, इतकं हे विचित्र आहे. १९८९ च्या न्यूमन-ग्रीन खटल्यात व्हेनेझुएलात राहणारा असाच एक अमेरिकन होता. तो स्वतंत्र प्रतिवादी होता, म्हणून सुप्रीम कोर्टाने त्याला वगळून बाकीची केस वाचवली. एलएलसीच्या सभासदाला असं वगळता येत नाही, कारण दावा एलएलसीचाच असतो. न्यू जर्सी ज्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाखाली येतं त्यांनी २००८ मध्ये स्वायगरच्या खटल्यात भागीदारी संस्थेबद्दल हेच सांगितलं: परदेशात स्थायिक झालेला एक अमेरिकन भागीदार असला की डायव्हर्सिटी संपली.

आमचा असाच छोटा वाटेकरी नाशिकला होता. ज्या लॉ फर्मकडे आम्ही गेलो तिने दाव्यात सरळ कॉर्पोरेशनचा साचा वापरला: डेलावेअरची कंपनी, मुख्य कार्यालय न्यू जर्सी. समोरच्या वकिलांनी उत्तरात 'मान्य' लिहिलं. आमच्या करारातही वाद फेडरल कोर्टात नेण्याचं कलम होतं. यातल्या कशालाच किंमत नाही, कारण दोन्ही पक्ष राजी असले तरी त्यातून फेडरल कोर्टाला अधिकार मिळत नाही. साक्षी झाल्या, कागदपत्रांची देवाणघेवाण झाली, तज्ज्ञाचा अहवाल झाला, आणि मग न्यायाधीशांनी स्वतःहून अर्ध्या पानाची ऑर्डर काढली: दोन्ही बाजूंनी सभासदांचं नागरिकत्व कळवावं. तिथेच केस काढून टाकली गेली. पुन्हा दाखल करायची मुभा होती, पण राज्याच्या कोर्टात, पहिल्या पायरीपासून.

मला आजही संताप येतो तो याचा, की पहिल्याच भेटीत आम्ही त्यांना ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट (एलएलसीच्या सभासदांमधला करार) दिलं होतं. शेवटच्या पानावर शेड्यूल ए, त्यात सगळ्या सभासदांची नावं, वाटा आणि पत्ते. नाशिकचा पत्ता पिनकोडसकट छापलेला. ते पान कोणी उलटलं नाही. आणि केस बाद झाल्यावर 'नागरिकत्वाचा प्रश्न' म्हणून त्या अभ्यासाचे तासही आमच्याच बिलात लावले. असं बिल तुमच्यावर आलं तर न्यू जर्सीत फी आर्बिट्रेशन समितीकडे दाद मागता येते, हे लक्षात ठेवा.

१ डिसेंबर २०२२ पासून फेडरल नियम ७.१ प्रमाणे हे नागरिकत्व सुरुवातीलाच लिहून द्यावं लागतं, त्यामुळे तुमची फसगत आमच्याइतकी उशिरा व्हायची नाही. तरी फाइलिंगच्या आधी वकिलांना ईमेल करून एकच विचारा: आपल्या प्रत्येक सभासदाचं नागरिकत्व काय, आणि ते कशावरून ठरवलं? उत्तर लेखीच घ्या. करविवरणाबरोबर निघणारे के-१ फॉर्म समोर ठेवले की कोण कोण सभासद आहेत आणि कुठे राहतात ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

भागीदाराचा वाटा विकत घेऊन मार्ग काढायचा असेल तर तो खराखुरा व्यवहार हवा आणि दावा दाखल करण्याआधी पूर्ण झालेला हवा. नंतर करून उपयोग नाही. २००४ च्या ग्रुपो डेटाफ्लक्स खटल्यात दावा करणाऱ्या संस्थेचे मेक्सिकन भागीदार सुनावणीआधी बाहेर पडले होते, ज्यूरीने साडेसात लाख डॉलरचा निकालही दिला होता, तरी सगळं रद्द झालं. दाखल केल्या दिवशीची परिस्थिती धरली गेली. आणि तुमच्या पुण्याच्या भागीदाराचं घर, मतदार नोंदणी, बायकामुलं अजून न्यू जर्सीत असतील, परत यायचा खरंच विचार असेल, तर तो न्यू जर्सीचा ठरूही शकतो. पण तसं नसेल तर कृपा करून त्याला प्रतिज्ञापत्रात तसं लिहायला लावू नका.

मुदतीचंही बघा. न्यू जर्सीच्या कायद्यात मालविक्रीच्या करारासाठी ४ वर्षं असतात. फेडरल कोर्टात चुकीच्या ठिकाणी घालवलेला काळ आपोआप वजा होईल असं गृहीत धरू नका.

माझं स्पष्ट मत: सरळ न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जा. फेडरल म्हणजे जास्त वजनदार, असं आपल्या लोकांना उगाच वाटतं. टेक्सासच्या कंपनीला इथे खेचता येईल का हा प्रश्न दोन्ही कोर्टांत सारखाच आहे, तो वकिलांना वेगळा विचारा. आणि टेक्सासवाले केस फेडरलमध्ये पळवतील अशी धास्ती असेल तर ती सोडा. भागीदार पुण्यात आहे तोवर डायव्हर्सिटीचा रस्ता त्यांनाही बंद आहे.