मागच्या गेटची साखळी

तुझा मेसेज रात्री वाचला. कॉलेजचं गॅदरिंग, बाहेरून बोलावलेला बँड, चार हजार पास. आयोजक म्हणतात मागच्या गेटला साखळी लावा, नाहीतर फुकटे घुसतील. तुझ्या सिक्युरिटी एजन्सीचे साहेब म्हणतात, क्लायंट सांगतो तसं कर. आणि तू मला विचारतेस काय, तर "सर, गार्ड किती लावू आणि बाऊन्सर किती?"

अगं, प्रश्नच चुकला.

गार्ड किती हे सगळ्यात शेवटी ठरतं. आधी चार हजार माणसं बाहेर कशी पडणार ते ठरव. आत कशी येणार हेसुद्धा नंतर. येताना माणसं दीड-दोन तासांत, दोघं-चौघं करत येतात. जाताना सगळी एकदम निघतात, आणि वायर जळल्याचा वास आला तर सगळी एकदम पळतात. बाहेरची वाट आधी. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू वहीत लिहूनही घेतलं होतंस.

हिशोब करून बघ. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी जी पुस्तिका वापरतात, तिच्यात सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला ८२ माणसं धरतात, जिन्यावर ६६. बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं. तुझं पुढचं गेट चार मीटरचं, मागचं तीन. दोन्ही उघडी असतील तर मिनिटाला ५७४ माणसं, म्हणजे सात मिनिटांत मैदान रिकामं. मागच्याला साखळी घातलीस की ३२८, म्हणजे बारा मिनिटांच्या वर. शिवाय ते चार मीटरही खरे नाहीत, कारण तिथेच तू मेटल डिटेक्टरच्या चौकटी आणि बॅगा तपासायची टेबलं मांडणार. एका चौकटीतून जेमतेम पाऊण मीटरची वाट मिळते. शेवटची दोन गाणी राहिली की चौकटी आणि टेबलं उचलून भिंतीला लागली पाहिजेत. ती कोण उचलणार त्याचं नाव ब्रीफिंगच्या कागदावर असू दे.

दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार सिनेमागृहात आग लागली. ५९ माणसं गेली, तीही बहुतेक धुराने गुदमरून. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या आणि त्यांनी बाहेर पडायची वाट अडवली होती. त्या खुर्च्या बसवताना कोणाला माणसं मारायची नव्हती, चार तिकिटं जास्त विकायची होती. तुझ्या आयोजकालाही चार पास वाचवायचे आहेत, एवढंच. एरवी तो भला माणूस असेल.

आपल्याकडचं मांढरदेव तर तुला माहीतच आहे. २५ जानेवारी २००५, काळूबाईची यात्रा. वाट अरुंद आणि चढाची, पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या. जवळजवळ तीनशे माणसं गेली. आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो आणि डोळ्यांपुढे पायदळी तुडवणं येतं. पण गर्दीत माणसं बऱ्याचदा उभ्या उभ्या जातात. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की आपलं शरीर आपल्या ताब्यात राहत नाही, गर्दी नेईल तिकडे जातं, आणि छाती फुलायला जागाच उरत नाही. तिथे तुझे वीस बाऊन्सर काय करतील? तेही त्याच गर्दीतली वीस माणसं होतात.

आता माझं सांगतो. हे तुला आजवर सांगितलेलं नाही.

या धंद्यात माझी सहा-सात वर्षं झाली होती. शहराबाहेरच्या एका लॉनवर ऑर्केस्ट्रा होता. यजमान म्हणाले, मागचं गेट बंद ठेवा, गावातली पोरं येतात. मी साखळी लावली. स्वतःच्या हाताने लावली. जनरेटरपाशी ठिणग्या उडाल्या, कोणीतरी "आग" म्हणून ओरडलं, आणि लोक मागे धावले, कारण मागे अंधार होता आणि ठिणग्या पुढे दिसत होत्या. चावी ज्या गार्डकडे होती तो जेवायला बसला होता. तो येईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. आग लागलीच नव्हती. पण गेटच्या गजांमध्ये एका मुलीचा हात मोडला, सात-आठ वर्षांची असेल. तिच्या आईने मला काहीच बोललं नाही, नुसतं बघितलं. 'मेलं तर कोणी नाही ना' असं म्हणत मी कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर मी कुठल्याही गेटला साखळी लावली नाही. कामं गेली. एका मोठ्या लग्नाचं काम तर आदल्या दिवशी गेलं, माणसं ठरवून, गणवेश इस्त्री करून झाल्यावर. घरचे अजून म्हणतात, थोडं नमतं घेतलं असतंस तर आज एजन्सी कुठल्या कुठे असती. असती कदाचित. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण मी ताठर होतो म्हणून धंदा वाढला नाही, हे मला मान्य नाही. मी फक्त बाहेरची वाट मागत होतो. ती न देणाऱ्याचं काम मी करायला हवं होतं, असं मला अजूनही कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

असो. तुझ्या कामाचं बघू.

फुकट्यांची भीती खरी आहे, ती उडवून लावू नकोस. मागच्या गेटवर दोन गार्ड उभे कर, त्यांना दुसरं कुठलंच काम देऊ नकोस, आणि बदली माणूस आल्याशिवाय जेवायला सोडू नकोस. गेट आत उघडणारं असेल तर गर्दी दाबून उभी राहिली की ते उघडणारच नाही. तसं असेल तर दारं आधीपासून पूर्ण उघडून बांधून टाक आणि मध्ये नुसता दोर धर. दोन नवखी पोरं त्या गेटवर नकोत. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखाली केंद्राने केलेल्या नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलंय. तुझ्याकडे येणारा मुलगा दुपारी चार वाजता दुसऱ्याचा शर्ट घालून आलेला असतो, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून त्या गेटवर तुझी जुनी माणसं ठेव, स्टेजपुढे नवी चालतील.

साहेबांशी तोंडी वाद घालू नकोस. पोलीस आणि अग्निशमन दलाच्या परवानगीसाठी दिलेला नकाशा काढ. त्यात ते गेट बाहेर पडायचं म्हणून दाखवलं असेल, तर साखळी लावली की नकाशा खोटा ठरतो. एवढंच दोन ओळींत लिहून साहेबांना आणि आयोजकांना पाठव. तुझा हिशोबही खाली जोड, सात मिनिटं आणि बारा मिनिटं. तरीही नाही म्हणाले तर त्या कामावर सुपरवायझर म्हणून सही करू नकोस. तुझ्या घराचा हप्ता आहे हे मला ठाऊक आहे, तरी सांगतोय.

उद्या सकाळी मोजपट्टी घेऊन मैदानावर जा. दोन्ही गेटं मोज, नकाशावर जाऊ नकोस. मागच्या गेटबाहेर कोणाच्या गाड्या लागतात तेही बघ, कारण बाहेर टेम्पो उभा असेल तर उघडं गेटही बंदच. मग मला फोन कर. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागाच असतो.