विहिरीची नोंद ठेवण्यापूर्वी

आपण यावल भागातील विहिरींच्या पातळीची नोंद ठेवायला घेतली आहे, तर पहिली विनंती अशी की केवळ पावसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. हवेतले बाष्प सरासरी ९-१० दिवसांत पाऊस होऊन खाली येते, मात्र जमिनीत मुरलेले पाणी कित्येक वर्षे, खोल थरांत तर हजारो वर्षे राहू शकते. त्यामुळे आज उपसलेले पाणी यंदाच्याच पावसाचे असेल, असे गृहीत धरता येत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि रेती यांचा जो पट्टा आहे, त्यात नाल्यांचे पाणी झपाट्याने मुरते. तापीकाठच्या गाळात ते वाळूच्या थरांमध्ये साठते. धुळ्याकडच्या काळ्या पाषाणात मात्र ते फक्त भेगांत आणि मुरमात मावते, म्हणून तिथली विहीर चांगल्या पावसात भराभर वर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तितक्याच लवकर तळ दाखवते. माझी पहिल्या वर्षाची वही याच कारणाने वाया गेली. यावलकडच्या आणि धुळ्याकडच्या विहिरी मी एकाच तक्त्यात मांडल्या होत्या.

मोजमाप पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावे. पोलादी टेपच्या टोकाकडील भागाला खडू घासला की ओली रेघ स्पष्ट दिसते. विहिरीच्या काठाशी टेपवर दिसणाऱ्या आकड्यातून ओला भाग वजा करावा, म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतची खोली मिळते. शेजारी कोणते पीक आहे तेही लिहा, कारण केळीची रुंद पाने उन्हाळ्यात विहिरीचे बरेच पाणी थेट हवेत सोडतात.