दसरा २० ला आहे, मुदत १२ लाच संपते

सांगलीच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांचं चार पानी पत्र आलंय. मजकूर थोडक्यात असा. २०१६ मॉडेलची पोर्शे ९११, हरयाणा पासिंग, मुंबईतल्या जुन्या महागड्या गाड्या विकणाऱ्या एका डीलरकडून ९६ लाखांना घेतली. ८५ लाख बँकेतून, ११ लाख रोख. डिलिव्हरी १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, बॉनेटला हार घालून. मे २०२५ मध्ये कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला सर्व्हिसिंगला नेली, तिथे चेसिस नंबर टाकल्यावर जुना रेकॉर्ड निघाला: पुढची डावी बाजू चेपलेली, दोन एअरबॅग उघडलेल्या, ३१ लाखांचं एस्टिमेट. डीलर आधी म्हणाला, मलाच माहीत नव्हतं. मग म्हणाला, मालकाशी बोलतो. आता म्हणतोय, दसऱ्याला नवा स्टॉक येतोय, तुमची परत घेतो आणि दुसरी देतो. पत्रात शेवटी विचारलंय: 'डिलिव्हरी नोटवर "गाडी तपासून, जशी आहे तशी स्वीकारली" याखाली माझी सही आहे. केस टिकेल का? दसऱ्यापर्यंत वाट बघून मग नोटीस द्यावी, असा विचार आहे.'

अशी पत्रं महिन्याला दोन-तीन येतात. गाडी कधी एर्टिगा असते, कधी मर्सिडीज, कहाणी तीच. फसवणूक झाली की नाही यावर मी शाई खर्च करत नाही. तुम्ही घाबरलात त्या सहीला, आणि घाबरायला हवं होतं ते दसऱ्याला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. डिलिव्हरीपासून मोजलं तर तुमची मुदत १२ ऑक्टोबर २०२६ ला संपते. दसरा तिथीने येतो. यंदा ज्येष्ठ अधिक आला, सगळे सण पुढे सरकले, आणि दसरा पडलाय २० ऑक्टोबरला. डीलरने हे हिशेबाने केलं असेल असं मी म्हणत नाही, त्याला पंचांग कळतं की नाही ठाऊक नाही. पण 'दसऱ्याला बघू' हे त्याचं वाक्य तुम्ही पाळलंत, तर मुदत उलटून आठ दिवस झाल्यावर तुम्ही माझ्या दारात याल.

आता त्यातही नीट बघा. १२ ला सोमवार आहे. ११ ला रविवार, घटस्थापना. १० ला दुसरा शनिवार, सर्वपित्री. म्हणजे १२ चा सोमवार सोडला तर हाताशी राहणारे शेवटचे सगळे दिवस पितृपक्षातले. आपल्याकडे पक्ष पंधरवड्यात नव्या कामाचा कागद करायचा नाही म्हणून अडून बसणारे अशील मी पाहिलेत. ऑगस्ट संपत आलाय. गणपती बसायच्या आत तक्रार दाखल करा म्हणजे तो वादच नको.

तुम्ही म्हणाल, अपघाताचं मला कळलं मे २०२५ मध्ये, मग मुदत तिथून का नको? हा युक्तिवाद आहे, आणि वाईट नाही. लपवलेली गोष्ट उघडकीला आल्यावरच तक्रारीचं कारण घडलं, असं म्हणता येतं. पण समोरचा वकील डिलिव्हरीची तारीखच धरणार, आणि तुमच्या फायलीत त्याला मदत करणारा एक कागद आहे, त्याकडे येतो. पंचेचाळीस दिवस हातात असताना युक्तिवादावर घर बांधायचं कशाला? कलम ६९(२) खाली उशीर माफ होतो, पण 'पुरेसं कारण' दाखवावं लागतं, आणि 'डीलर गोड बोलत होता' हे कारण सहसा पुरत नाही. बोलणी चालू असताना मुदत थांबत नाही. पत्रव्यवहार केला म्हणून नाही, नोटीस दिली म्हणून तर नाहीच. माझ्या एका अशिलाला १९ दिवसांचा उशीर झाला होता. तो माफ करावा की नाही यावरच वर्षाहून जास्त तारखा पडल्या, मूळ तक्रारीला कुणी हात लावला नव्हता. कायदा म्हणतो तक्रार तीन महिन्यांत निकाली काढा, तपासणी लागली तर पाच. हे वाक्य मी अशिलांना वाचून दाखवणं सोडून दिलंय.

नोटीस द्यायची हौस असेल तर द्या, पण ग्राहक तक्रारीआधी नोटीस सक्तीची नाही. त्यासाठी एक आठवडासुद्धा घालवू नका. ई-जागृती पोर्टलवर तक्रार ऑनलाइन दाखल होते. किंमत ५० लाख ते २ कोटींच्या मधली, म्हणून जिल्हा आयोग नाही, राज्य आयोग. शुल्क २,००० रुपये. तुम्ही सांगलीत राहता एवढं पुरे, डीलर मुंबईत आहे म्हणून अडत नाही. (पत्रात 'आता कोल्हापुरात बेंच आलंय ना' असं विचारलंय. ते हायकोर्टाचं, तिथे ही तक्रार जात नाही.) कागद अपुरे असतील तरी दाखल करा, हरकती नंतर दूर करता येतात, तारीख नंतर दुरुस्त होत नाही.

आता तुमची ती सही. 'तपासून घेतली, जशी आहे तशी' या ओळीने डीलरला थोडा आधार मिळतो, पण तो समजतो तेवढा नाही. वस्तू विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये असं आहे की खरेदीदाराने वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवा होता असा दोष नंतर विक्रेत्याच्या माथी मारता येत नाही. तुम्ही काय तपासलंत? पत्रात लिहिलंय, ओळखीच्या मिस्त्रीला नेलं होतं, त्याने दारांना लोहचुंबक लावून बघितलं. अहो, त्या मॉडेलची दारं ॲल्युमिनियमची आहेत. खाली पुट्टी असो वा नसो, चुंबक चिकटणारच नाही! सौद्यात बेदाण्याचा बॉक्स फोडून मूठ तळहातावर घेतल्याशिवाय तुम्ही बोली लावत नाही, आणि ९६ लाखांच्या गाडीला शंभर रुपयांचं चुंबक. रंगाची जाडी मोजायचं यंत्र, किंवा वर्कशॉपला एक फोन, यात काम झालं असतं. असो. गंमत अशी की हा हलगर्जीपणा तुम्हाला इथे फार नडत नाही, कारण तुमच्याकडे डीलरचा व्हॉट्सॲप मेसेज आहे: 'सर गाडी नॉन-ॲक्सिडेंटल आहे, एक पण पॅनल रिपेंट नाही.'

हा मेसेज आणि तुमच्या फायलीतला तो दुसरा कागद, दोन्ही एकत्र ठेवून बघा. करार कायद्याचं कलम १९ सांगतं की फसवून घेतलेली संमती रद्द करता येते. त्याला एक अपवाद आहे: समोरचा नुसता गप्प राहिला असेल, किंवा त्याने चुकून खोटी माहिती दिली असेल, आणि साधी काळजी घेऊन तुम्हाला खरं कळू शकत असतं, तर रद्द करता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदांत आधीच्या मालकाच्या विमा पॉलिसीची झेरॉक्स आहे. ती तुम्हाला डिलिव्हरीच्या दिवशीच मिळाली होती. त्यावर 'नो क्लेम बोनस', म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, यापुढे शून्य आहे. आठ वर्षं जुन्या गाडीच्या मालकाला साधारण ५० टक्के बोनस असायला हवा. शून्य म्हणजे बहुतेक वेळा क्लेम. बहुतेक, नेहमी नाही. पॉलिसी मध्येच खंडित झाली तरी बोनस जातो. पण डीलरचा वकील हीच झेरॉक्स वर धरून म्हणेल, 'यांना पहिल्या दिवशी कळू शकत होतं.' मुदतीसाठीही तो हेच म्हणेल. मे २०२५ वर विसंबू नका असं वर म्हटलं ते म्हणूनच.

याला उत्तर असं की अपवाद गप्प राहण्याला लागू आहे, जाणूनबुजून खोटं बोलण्याला नाही. डीलर गप्प राहिला असता तर मी तुम्हाला आशा दाखवली नसती. तो बोलला, लिहून बोलला. मात्र त्याला अपघात माहीत होता हे आपल्याला दाखवावं लागेल, आणि तिथे काम कठीण आहे. म्हणून आयोगापुढे पहिल्याच तारखेला अर्ज द्या: त्या पॉलिसी नंबरवरची क्लेम फाइल विमा कंपनीने हजर करावी. मालकाकडून डीलरने गाडी कधी ताब्यात घेतली तो फॉर्म २९-सी सुद्धा मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, आणि ताबा कळवल्यावर गाडीचा मालक तोच समजला जातो. त्याच्याकडे प्राधिकारपत्र आहे का ते बघा. नसेल तर तेही तक्रारीत लिहा.

हे एवढ्यासाठी सांगतोय की तुमच्या बिलावर डीलरने 'कमिशन व सेवा शुल्क' लिहिलंय. तो म्हणणार, मी विक्रेता नाही, गाडी माझ्याकडे फक्त पार्क करून ठेवली होती. म्हणू दे. मग तो सेवा देणारा झाला, आणि 'सेवेतील त्रुटी' या व्याख्येत २०१९ च्या कायद्याने मुद्दाम एक वाक्य घातलंय: महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणं. आधीच्या मालकालाही पक्षकार करा.

बाकीचं भराभर. गाडी फर्मच्या नावावर आहे, घसाराही घेतलात, म्हणजे 'व्यापारी हेतू' ही हरकत येणारच. संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी तेवढ्याने व्यापारी हेतूची होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये डेमलर क्रायस्लर विरुद्ध कंट्रोल्स अँड स्विचगियर या प्रकरणात म्हटलंय. तुमची भागीदारी फर्म आहे, तर्क तोच लागावा. लागेलच अशी हमी देत नाही. ११ लाखांची रोख सिद्ध कशी करणार, मला माहीत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, तेव्हा डीलर ती कबूल करणार नाही. तक्रारीत ८५ लाख धरून चला. 'टोटल लॉस गाडी विकली' असं पत्रात तीनदा आलंय, ते खोडा. विम्याच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस. ३१ लाखांत ते बसेल असं वाटत नाही.

पैसे परत मिळतील का? माझ्या मते पूर्ण मिळणं कठीण. दोष कळल्यावरही तुम्ही गाडी १५ महिने ठेवलीत, ६,००० किलोमीटर फिरवलीत, गोव्याला जाऊन आलात. वस्तू नाकारायची असेल तर वाजवी वेळात नाकारावी लागते. म्हणून मागणी दुहेरी ठेवा: परतावा, नाहीतर अपघात न झालेल्या आणि झालेल्या गाडीच्या किमतीतला फरक. त्या फरकासाठी परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल आताच घ्या. गाडी आता हलवू नका, रंगकाम करू नका, आणि डीलरच्या 'चेकिंगला पाठवा' ला तर अजिबात भुलू नका. गाडी त्याच्या अंगणात गेली की पुरावाही तिथेच गेला.

पोलिसांकडे जायचं असेल तर जा, ते 'दिवाणी स्वरूपाचं प्रकरण' म्हणतील. तो मार्ग १२ ऑक्टोबरला बंद होत नाही, म्हणून तो नंतर.

एक राहिलं. पत्रात सहज लिहिलंय की मार्चमध्ये फोन बदलला आणि मेसेजचा आता स्क्रीनशॉट आहे. जुना फोन कुठे आहे? पोराला दिला असेल तर आज संध्याकाळीच परत घ्या आणि बंद करून कपाटात ठेवा. मूळ चॅट, त्याची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. ते करून देणारा माणूस तुम्हाला सांगलीत नाही मिळाला तर मला कळवा, पण फोन करताना दसऱ्याची गोष्ट काढू नका.