देवदार : ना देवाचं दार, ना दुकानदार

प्रश्न आहे, ‘देवदार’ बरोबर की ‘देवदारू’, आणि त्यातला ‘दार’ म्हणजे दरवाजा की जमीनदारातला फारसी प्रत्यय?

आधी ‘दार’: ते या दोन्हींतलं नाही! हिमालयात फिरून आलेली प्रत्येक मंडळी ‘देवाचं दार म्हणून देवदार’ असं ऐकवतात. गाइडने सांगितलं म्हणे. दार आलं ‘द्वार’वरून, देवदारातलं आहे ते ‘दारु’, म्हणजे लाकूड. देवांचं लाकूड, बस्स. दारुहळदीतही तेच, हळदीसारखं पिवळं लाकूड.

आता खरी गंमत. जुने व्युत्पत्तिकार ‘दारु’ हा शब्द ‘दॄ’ म्हणजे फाडणे या धातूवरून आणतात. जे फाडलं जातं ते दारु. धातू हाती लागला की या लोकांचं समाधान होतं. मग ‘द्रु’ आणि ‘द्रुम’ कुठून आले? ग्रीकमध्ये भाल्याला ‘दोरु’ म्हणतात आणि इंग्रजीत झाडाला ‘ट्री’, ते काय फाडून आले? हे सगळं एकच फार जुनं कूळ आहे. पंगतीतला द्रोणसुद्धा त्यातलाच : मुळात लाकडी भांडं, आपण ते पानांचं केलं.

आणि दारू? ती फारसी, पण मूळ अर्थ औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अजून शाबूत आहे. औषध म्हणजे झाडपाला, म्हणून फारसी ‘दारू’ही या लाकडाच्याच घरातली, असं माझं ठाम मत आहे. नुसतं उच्चारसाम्य म्हणून ते उडवून लावणाऱ्यांनी फारसीत झाडाला ‘दार’ही म्हणतात हे आधी पाहावं. म्हणजे देवदार आणि देशी दारू चुलत भावंडं!

अमरकोशात देवदाराची सात नावं आहेत. त्यांत नुसतं ‘दारु’ आहे आणि उग्र वासामुळे ‘पूतिकाष्ठ’ही. म्हणून बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातल्या ‘नागेशं दारुकावने’ यातलं दारुकावन मला देवदाराचंच वाटतं, दारुक राक्षसाची कथा मागाहून चिकटली असावी. तसं असेल तर ते नागेश ज्योतिर्लिंग आपलंच, हा अल्मोड्याजवळच्या जागेश्वरचा दावा भक्कम ठरतो, तिथे मंदिरांभोवती देवदारच देवदार. औंढा नागनाथवाले रागावतील, पण हिंगोलीत देवदार दाखवा. तो पश्चिम हिमालयात साधारण दीड ते तीन हजार मीटरांवर वाढतो.

शिवाय प्रत्येक सूचिपर्णी झाड देवदार नव्हे. चीड वेगळा; आणि कोकणातला सुरू तर सूचिपर्णीही नाही, फुलझाडांतला आहे. बंगालीत ‘देबदारु’ म्हणजे चक्क आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो खोटा अशोक. आपणही काही कमी नाही, कुठल्याही पांढरट हलक्या फळ्यांच्या खोक्याला ‘देवदारी’ म्हणतो.

हां, लेखन. संस्कृतात देवदारु. मराठीत शेवटचा उकार दीर्घ, म्हणून देवदारू. समासात मात्र देवदारुवन. बोलताना देवदार म्हणा, रूढ आहे.